सायक्लोन असूनही फिल्टर भरतोय? तपासणी खालच्या ड्रमपासून सुरू करा

पुण्यातल्या नऱ्हे-धायरीच्या पट्ट्यात आमचं फर्निचरचं लहान वर्कशॉप आहे. एक टेबल सॉ, एक रंधा मशीन, एमडीएफसाठी राउटर आणि पॉलिशच्या आधी घासायला दोन सँडर. या सगळ्यांच्या मागे एकच सायक्लोन, म्हणजे हवा गोल फिरवून तिच्यातली धूळ खालच्या ड्रममध्ये पाडणारं पत्र्याचं नरसाळं, त्याला जोडून हवा ओढणारा ब्लोअर आणि शेवटी दोन कार्ट्रिज (घड्या घातलेले गोल) फिल्टर. सुरुवातीला फिल्टरखालचा डबा महिन्याने उघडला तरी ओंजळभर पीठ, म्हणजे सगळ्यात बारीक धूळ, निघायचं. मग एकदा आठवड्यातच तो डबा काठोकाठ भरला, आणि पिठात रंध्याचे बारीक छिलकेही दिसले. फिल्टर जुने झाले असं समजून मी दोन्ही बदलले. पंधरा दिवसांत नवेही तसेच भरले.

शेवटी आमच्या मिस्त्रींनी ब्लोअर चालू असताना सायक्लोनखालच्या ड्रमच्या झाकणाभोवती ओला हात फिरवला आणि एका जागी थांबले. "दादा, इथं वारा आत ओढतोय." झाकणाची कड वीतभर लांबीत दबलेली होती. फट एवढी बारीक की त्यातून पोस्टकार्डही सहज गेलं नसतं. ती बुजवली आणि फिल्टरखालचा डबा पुन्हा ओंजळीवर आला.

फिल्टर हा या सगळ्या साखळीतला शेवटचा भाग. मागे कुठेही बिघडलं तरी ते तिथेच दिसतं. त्यामुळे माणूस तिथेच दुरुस्ती करायला जातो आणि महागडे फिल्टर बदलत बसतो. माझा अनुभव सांगतो की दोष शोधायचा तो सगळ्यात खालून, आणि मग पायरी पायरीने वर यायचं. पुढचा क्रम तसाच लावला आहे.

आधी सायक्लोनच्या आत काय चालतं ते समजून घ्या

धुळीची हवा सायक्लोनच्या वरच्या गोल भागात कडेने, तिरकी शिरते आणि पत्र्याला घासत गोल फिरत खाली उतरते. फिरताना जड कण बाहेर फेकले जाऊन पत्र्यावर आपटतात आणि नरसाळ्यातून घरंगळत ड्रममध्ये पडतात. हवा तळाशी पोचली की वळते आणि मधोमध दुसरा, अरुंद भोवरा करून वर चढते. वरच्या मधल्या नळीतून ती ब्लोअरकडे जाते.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, कण जितका बारीक तितकं त्याला पत्र्यापर्यंत पोचायला कठीण. कणाचा व्यास निम्मा झाला तर बाहेर सरकण्याचा वेग निम्मा होत नाही, पाव होतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, तर सँडरची धूळ त्याच्या कितीतरी पट बारीक. म्हणून चांगल्यातला चांगला सायक्लोनही सगळ्यात बारीक पीठ सोडतोच. फिल्टर त्याच्यासाठीच आहे. थोडं पीठ आलं म्हणून सायक्लोनला नावं ठेवू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ब्लोअर सायक्लोनच्या पुढे असेल, म्हणजे सायक्लोनमधून हवा ओढत असेल, तर ड्रममध्ये बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. नरसाळ्याच्या टोकाला, भोवऱ्याच्या मध्याशी तो आणखी कमी. तिथे कुठूनही बाहेरची हवा शिरली की ती थेट मधल्या चढत्या भोवऱ्यात जाते, आणि जाताना नुकतीच खाली पडलेली धूळ उचलून घेते. पाइपात वर कुठे फट असेल तर थोडी ओढ कमी होते एवढंच. ड्रमजवळची तेवढीच फट मात्र वेगळी झालेली धूळ परत हवेत मिसळते. म्हणून तपासणी ड्रमपासून.

पहिली पायरी: फिल्टरखाली काय आलंय ते हातात घेऊन बघा

एन ९५ मास्क लावा, ब्लोअर बंद करून दहा मिनिटं धूळ बसू द्या आणि फिल्टरखालचा डबा उघडा. चिमूटभर धूळ दोन बोटांत चोळा. मैद्यासारखी मऊ, एकसारखी असेल आणि तुम्ही दिवसभर एमडीएफ घासत असाल, तर बहुधा बिघाड काही नाही. त्या धुळीचा स्वभावच तसा आहे. बोटांना रवाळ लागली, छिलके दिसले, सागाचे तंतू सापडले, तर बहुतेक वेळा खाली गळती आहे किंवा ड्रम भरलेला आहे. एवढे मोठे कण धड चाललेल्या सायक्लोनमधून वर जात नाहीत.

ड्रममध्ये काय आहे तेही बघा. ड्रम जवळजवळ रिकामा आणि फिल्टर भरलेला असेल, तर नरसाळं तुंबलंय. त्याकडे पुढे येतोच.

मास्कचा आग्रह मी का धरतो तेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ साली माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. नाक आणि त्याच्या पोकळ्यांचा कर्करोग हा त्यातला मुख्य धोका. एमडीएफच्या चिकटद्रव्यात वापरलं जाणारं फॉर्मल्डिहाइडही २००४ पासून त्याच गटात आहे. आपल्याकडे तोंडाला रुमाल बांधून पोरं दिवसभर घासतात. रुमाल छिलके अडवतो, पीठ नाही. आपल्या हाताखाली काम करणाऱ्याच्या छातीची काळजी आपणच घ्यायची असते.

दुसरी पायरी: ड्रम, झाकण आणि त्यांच्या मधला जोड

सगळ्यात आधी ड्रम किती भरलाय ते बघा. भोवरा नरसाळ्याच्या टोकाला संपत नाही, तो ड्रममध्येही थोडा उतरतो. धूळ त्याच्या टप्प्यात आली की खालून उपसली जाते. ड्रमचा वरचा एक तृतीयांश भाग कायम मोकळा ठेवा. रंधा चालू असेल तर ड्रम तासाभरातही भरू शकतो, कारण छिलके फुगीर असतात. झाकणात तळहाताएवढा ॲक्रिलिकचा तुकडा सिलिकॉनने बसवून घ्या, म्हणजे उघडल्याशिवाय पातळी दिसते. तोवर ड्रमच्या पत्र्यावर बोटांनी टकटक करत वरून खाली या. पोकळ आवाज जिथे बद्द होतो, तिथवर भुसा आहे.

आता झाकण. बंद मशीनवर सगळं घट्ट दिसतं आणि फसगत होते ती इथेच. ब्लोअर चालू झाला की ओढ झाकणाला आत खेचते, झाकण मधोमध दबतं आणि कडेला उचललं जातं. ही ओढ किती असते? समजा ड्रममध्ये पाण्याच्या ८ इंची स्तंभाएवढी ओढ आहे. २०० लिटरच्या ड्रमचं तोंड ५८ सेंटीमीटरच्या आसपास. त्यावर येणारा भार होतो ५० किलोच्या वर, म्हणजे झाकणावर सिमेंटचं एक पोतं ठेवल्यासारखा. प्लायचं १२ मिलिमीटरचं झाकणही त्याने थोडं वाकतं. म्हणून मी झाकणाला १८ मिलिमीटरचे दोन थर चिकटवून घेतले. प्लास्टिकचा निळा ड्रम असेल तर बाजूही आत ओढल्या जातात. आत लोखंडी पट्टीच्या किंवा प्लायच्या दोन रिंगा बसवा, नाहीतर एक दिवस मोठा आवाज होऊन ड्रम चिपटलेला दिसेल.

गळती शोधायची ती ब्लोअर चालू ठेवूनच. क्रम असा:

१. सगळ्या मशीनचे गेट, म्हणजे पाइपातली हवा अडवणाऱ्या सरकत्या पट्ट्या, बंद करा. ओढ सगळ्यात जास्त होते आणि फटी शीळ घालायला लागतात. वर्कशॉप शांत असताना, म्हणजे सकाळी पोरं यायच्या आधी, हे करा. एक-दोन मिनिटं पुरतात. ड्रमकडे लक्ष ठेवा. तो दबायला लागला तर लगेच एक गेट उघडा.

२. पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी काडीला चिकटवा आणि झाकणाच्या कडेने, नरसाळं आणि ड्रम यांच्या मधल्या होजच्या क्लॅम्पभोवती, नरसाळ्याच्या उभ्या सांध्यावर सावकाश फिरवा. जिथे कागद आत ओढला जाऊन चिकटतो, तिथे खडूने खूण करा. टाल्कम पावडर ब्रशवर घेऊन फिरवली तरी चालते. पावडरची रेघ फटीकडे धावते.

३. रात्री मशीन बंद करून, दिवे घालवून, ड्रममध्ये एलईडीचा टॉर्च ठेवून झाकण लावा. जिथून उजेड दिसेल तिथून हवा जाणारच. रिव्हेटची सैल छिद्रं आणि वेल्डिंगचे सुटलेले टाके यातच सापडतात.

पुष्कळ जण यासाठी उदबत्ती फिरवायला सांगतात. कृपा करून ते करू नका. उदबत्तीचा निखारा फटीतून आत ओढला गेला तर तो कोरड्या पिठाने भरलेल्या ड्रममध्ये जाऊन पडतो. हवेत तरंगणारी लाकडाची बारीक धूळ ठिणगीने स्फोटासारखी पेटू शकते.

फटी सापडल्या की बुजवायचं काम सोपं आहे, फक्त घाई करायची नाही. झाकणाला १० ते १२ मिलिमीटर जाडीची स्पंज रबराची पट्टी लावा. अशी पट्टी, होजचे क्लॅम्प आणि टॉगल क्लॅम्प रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतात. पट्टीची दोन टोकं एकमेकांना सरळ भिडवू नका, तिरकी कापून एकावर एक येतील अशी चिकटवा. सगळ्यात जास्त गळती त्या एका जोडातूनच होते. झाकण चार बाजूंनी टॉगल क्लॅम्पने सारखं दाबलं जायला हवं. एका बाजूला वीट ठेवून भागत नाही. लॉक रिंगचा, रबर असलेल्या झाकणाचा ड्रम मिळाला तर तो सगळ्यात उत्तम, थोडे जास्त पैसे गेले तरी.

पत्र्याचे सांधे बाहेरून थिनरने पुसून, कोरडे करून सिलिकॉनने भरा. आतून सिलिकॉनचे गोळे ठेवू नका, कारण फिरती धूळ त्यावर आदळून उसळते. खोक्याला लावायची तपकिरी टेप तर नकोच. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत तिचा गोंद वाळून ती सुटते आणि गळती परत सुरू होते.

ड्रममध्ये प्लास्टिकची पिशवी घालत असाल तर तीही बघा. ओढीने पिशवी वर उचलली जाऊन नरसाळ्याच्या तोंडाला चिकटते. पिशवीच्या आत जाळीचा कडक गोल बसवून ती ड्रमच्या भिंतीला दाबून ठेवा, नाहीतर सरळ पिशवीविना काम करा.

तिसरी पायरी: नरसाळं तुंबलंय का

नरसाळ्याचं टोक अरुंद असतं आणि सागाचा लांब, वळलेला छिलका तिथे आडवा अडकतो. त्यावर दुसरा, त्यावर पीठ, असा पूल तयार होतो. एकदा नरसाळं भरलं की पुढचा सगळा भुसा फिल्टरकडे जातो. फरशी पुसायचं फडकं, प्लायची ढलपी, सँडपेपरचा फाटका गोल अशा वस्तूही मी तिथून काढल्या आहेत. ड्रम भरून वाहिला तरी हेच होतं, आणि तो प्रकार सगळ्यात जास्त घडतो.

नरसाळ्यावर लाकडी मोगरीने हलकं ठोका. रिकामा पत्रा खणखणतो, भरलेला ठस्स वाजतो. साफ करताना मेन स्विच बंद करून फ्यूज किंवा एमसीबीला लावलेल्या कुलपाची चावी स्वतःच्या खिशात ठेवा. आत हात असताना दुसऱ्या कुणी बटण दाबू नये. लोखंडी सळई आतून खुपसून पत्र्याला पोचे पाडू नका, त्यांनी भोवरा बिघडतो. बांबूची काठी पुरते.

चौथी पायरी: हवा पुरेशी आहे का

सायक्लोनमध्ये धूळ वेगळी होते ती वेगामुळे. कणाला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि वेग कमी झाला की तसाच झपाट्याने घटतो. ड्रम हवाबंद असूनही छिलके वर येत असतील तर हवेकडे बघा.

आपल्याकडे एक चूक फार होते. अमेरिकी नकाशे उतरवून लोक सायक्लोन आणि ब्लोअर बनवून घेतात. तिथे वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे दोन पोलची मोटर मिनिटाला ३४५० च्या आसपास फिरते. आपल्या ५० हर्ट्झवर त्याच जातीची मोटर २८८० फेरे देते. इम्पेलर (ब्लोअरच्या आतलं पात्यांचं चाक) तेवढाच ठेवला तर हवा सुमारे १७ टक्के कमी मिळते आणि ओढ जवळजवळ ३० टक्क्यांनी घटते, कारण ओढ फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे बदलते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथल्या विरळ हवेने ओढ आणखी ६ टक्क्यांच्या आसपास कमी होते. हा फरक लहान आहे, फ्रीक्वेन्सीचा मोठा. उपाय म्हणजे जास्त व्यासाचा इम्पेलर, नीट बॅलन्स केलेला, आणि तो बसवल्यावर मोटर किती अँपिअर घेते ते मोजणं. प्लेटवर लिहिलेल्या आकड्याच्या वर जात असेल तर मोटर जळेल. भोसरीत इम्पेलर बॅलन्स करून देणारी माणसं आहेत. घरच्या घरी वजन लावून बॅलन्स करण्याच्या भानगडीत पडू नका.

दुसरी चूक तीन फेजच्या मोटरची. लाइनवर काम झाल्यावर किंवा पॅनेलमध्ये वायर बदलल्यावर दोन फेजची अदलाबदल होते आणि ब्लोअर उलटा फिरायला लागतो. अशा ब्लोअरचा गंमतीशीर स्वभाव असा की उलटा फिरूनही हवा त्याच दिशेने जाते, फक्त पुष्कळ कमी. ओढ जाणवते म्हणून कुणाला संशय येत नाही आणि महिनोन्महिने फिल्टर भरत राहतो. मोटर बंद केल्यावर ती थांबत असताना मागच्या पंख्याकडे बघा आणि ब्लोअरवरच्या बाणाशी दिशा जुळते का ते तपासा. जुळत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून तीनपैकी कुठल्याही दोन वायर बदलून घ्या. सबस्टेशनचं काम झालं की दर वेळी ही दिशा बघायची सवय लावा.

पाइपांचंही गणित थोडं करावं लागतं. लाकडाची धूळ पाइपात न बसता वाहत राहायला हवेचा वेग मिनिटाला सुमारे ४००० फूट लागतो. ४ इंची पाइपात त्या वेगाला मिनिटाला ३५० घनफूट हवा जाते, ६ इंची पाइपात सुमारे ७८५. म्हणजे मुख्य लाइन ४ इंची ठेवून तुम्ही कितीही मोठा ब्लोअर लावला तरी त्या नळीतून जाणारी हवा फारशी वाढत नाही. याच्या उलट, ८ इंची लाइन टाकून एकच छोटा सँडर चालवला तर पाइपात वेग उरत नाही, धूळ तळाशी साचते आणि मग मोठं गेट उघडल्यावर ढेकळासारखी एकदम सायक्लोनवर येऊन आदळते. एका वेळी किती गेट उघडे ठेवायचे ते एकदा ठरवून मशीनवर पेंटने लिहून ठेवा. आमच्याकडे दोनच.

ब्लोअर मशीनच्या आधी चालू करा आणि मशीन बंद झाल्यावर अर्धा-एक मिनिट चालू राहू द्या. लाइट गेली तर परत आल्यावर आधी सगळ्या मशीनची बटणं बंद आहेत ना ते बघा, मग फक्त ब्लोअर सुरू करा.

पाचवी पायरी: सायक्लोनमध्ये शिरताना आणि निघताना

सायक्लोनच्या तोंडाला लागूनच एल्बो किंवा चुण्या पडलेला फ्लेक्सिबल होज असेल तर हवा आधीच ढवळलेली आत शिरते आणि बारीक धूळ पत्र्याला चिकटत नाही. तोंडाआधी पाइपाच्या व्यासाच्या निदान पाचपट सरळ, गुळगुळीत पाइप हवा. ६ इंची लाइनसाठी अडीच फूट. जागा नसेल तर सायक्लोन फिरवून बसवता येतो का ते बघा. आमचा भिंतीकडे तोंड करून बसवलेला होता, तो काटकोनात वळवला आणि एल्बो गेला.

आतून हात फिरवा. तोंडाशी वेल्डिंगचा उंचवटा किंवा फ्लॅन्जची कड पुढे आली असेल तर घासून सपाट करा. वरची मधली नळी आत किती उतरते तेही मोजा. तिचं खालचं टोक तोंडाच्या तळापेक्षा खाली असायलाच हवं. ती आखूड असेल तर आत शिरलेली धूळ एक फेराही न मारता सरळ ब्लोअरकडे निघून जाते. स्थानिक फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेल्या सायक्लोनमध्ये ही चूक बघण्यासारखी आहे, कारण बाहेरून ती दिसत नाही.

सहावी पायरी: आता फिल्टर

इथवर आल्यावरच फिल्टरला हात लावा. भरलेला फिल्टर हवा अडवतो, हवा कमी झाली की सायक्लोन धूळ नीट वेगळी करत नाही, आणि मग फिल्टरवर आणखी धूळ येते. हे चक्र तोडायचं तर फिल्टर कधी साफ करायचा ते अंदाजाने नाही, मोजून ठरवा.

गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी मीटर-दीड मीटर घ्या. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पाटीवर बसवा आणि खायचा रंग घातलेलं पाणी निम्म्यापर्यंत भरा. एक टोक फिल्टरच्या आधीच्या पेटीत छोटं छिद्र पाडून घट्ट बसवा, दुसरं खोलीत मोकळं सोडा. ब्लोअर चालू करून नेहमीचे गेट उघडे ठेवले की एका बाजूचं पाणी वर चढतं. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक म्हणजे फिल्टरचा अडथळा. नव्या किंवा नुकत्याच साफ केलेल्या फिल्टरवर तो किती आहे ते मार्करने पाटीवर लिहा. फरक त्याच्या दुप्पट झाला की साफसफाईची वेळ. शंभर-दीडशे रुपयांच्या आत होणारं हे काम दर वर्कशॉपमध्ये असावं असं मला मनापासून वाटतं.

साफ करताना हवा बाहेरून आत मारायची. या प्रकारच्या बसवणीत धूळ फिल्टरच्या आतल्या घड्यांवर बसते, म्हणून उलट दिशेने फुंकलं तर ती खाली डब्यात पडते. कंप्रेसरचा दाब कमी ठेवा आणि नोजल हातभर लांब धरा. नोजल घडीला टेकवून मारलं तर बारीक चीर पडते, ती दिसत नाही, आणि सगळ्यात घातक पीठ तिथूनच परत खोलीत येतं. आतून फडकी आपटणारा दांडा असलेला फिल्टर असेल तर ब्लोअर बंद करूनच तो सावकाश फिरवा. कापडी पिशवीवर मात्र जरा थर राहू द्या. पिशवी नवी असताना धूळ जास्त सोडते आणि आत पातळ थर बसला की जास्त बारीक गाळते. दर आठवड्याला ती झटकून स्वच्छ करण्यात नुकसानच आहे.

साफ झाल्यावर रात्री दिवे घालवा, ब्लोअर चालू करा आणि फिल्टरच्या बाहेरच्या बाजूने टॉर्चचा झोत मारा. झोतात धूळ नाचताना दिसली तर फिल्टर फाटलाय किंवा त्याच्या बैठकीचं रबर नीट बसलेलं नाही. फिल्टरकडे दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून तिथली गळती बाहेर फुंकते. ड्रमकडची आत ओढते. हा फरक ध्यानात ठेवला तर कुठे कागदाची पट्टी आणि कुठे टॉर्च, हा घोळ होत नाही.

पावसाळ्यात दमट हवेने घड्यांमधलं पीठ ओलसर होऊन पापडासारखं घट्ट बसतं. जून ते सप्टेंबर सकाळी काम सुरू करण्याआधी ब्लोअर दहा मिनिटं नुसताच चालवा. पत्र्यातून गळून फिल्टर भिजलाच तर तो सावलीत पूर्ण वाळेपर्यंत कंप्रेसर लावू नका. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. पॉलिस्टरचा धुता येतो, पण बनवणाऱ्याने तसं लिहिलेलं असेल तरच.

मोजून खात्री करा

दुरुस्ती लागू पडली का ते डोळ्यांनी कळत नाही, वजनाने कळतं. ड्रममधली कोरडी धूळ मैद्याच्या चाळणीने चाळून बरोबर २ किलो घ्या. ड्रम आणि फिल्टरखालचा डबा दोन्ही पूर्ण रिकामे करा, फिल्टर साफ करा. मास्क लावा, जवळ वेल्डिंग, ग्राइंडर किंवा ज्योत नाही ना ते बघा आणि एका गेटच्या तोंडाशी ती धूळ मूठ मूठ सोडत पाच मिनिटांत संपवा. ब्लोअर एक मिनिट चालू ठेवून बंद करा, फिल्टर झटका आणि डब्यातलं वजन करा. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. १०० ग्रॅम निघाली तर ५ टक्के धूळ निसटते, २० ग्रॅम निघाली तर १ टक्का. थोडं पीठ घड्यांत अडकून राहतं म्हणून हा आकडा अगदी काटेकोर नसतो, पण दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी ठेवला की कुठल्या दुरुस्तीने किती फरक पडला ते स्वच्छ दिसतं. चाचणी दर वेळी एकाच लाकडाच्या धुळीने करा. सागाची आणि एमडीएफची धूळ एकमेकांशी तोलता येत नाही.

ड्रममधल्या भुशाबद्दल एक सांगतो. गोठ्यासाठी किंवा कोंबड्यांच्या शेडसाठी भुसा मागायला लोक येतात. एमडीएफ आणि प्लायची धूळ त्यात मिसळली असेल तर ती देऊ नका, त्यात चिकटद्रव्य असतं. आम्ही एमडीएफच्या दिवशी वेगळा ड्रम लावतो. त्याच्या झाकणालाही तीच स्पंज रबराची पट्टी, तेच चार क्लॅम्प, आणि ड्रम बदलला की कागदाच्या पट्टीने कडेकडेने एक फेरी.